धबधबा एक जूनला सुरू होतो

'मारीलुइसे' नावाचं ते पांढरंशुभ्र जहाज फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीच्या, वळणावरून आत शिरलं, तेव्हा मोर्कविकच्या धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. सगळं गाव म्हणजे काही फार मोठी गर्दी नव्हे. सहकारी दुकानाचे दोन कामगार, पाद्रीण, मेंढ्या सोडून आलेले तीन शेतकरी, वॅफलच्या टेबलामागच्या बायका, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या असलेल्या गुनवोरबाई.

शिट्टी शाळेतली होती. बाईंनी गावच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवलं होतं, आणि माणसांचा घोळका हाकायचा तर शिट्टीवाचून कसं व्हायचं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. आज घोळका जर्मन होता आणि बहुतेक जण बाईंच्याच वयाचे होते, इतकाच फरक.

जहाज मोर्कविकला पहिल्यांदाच थांबत होतं, तेही फक्त परीक्षा म्हणून. प्रवाशांना आवडलं तर दरवर्षी थांबणार. नाही आवडलं तर पुढच्या गावी जाणार, तिथं डोंगरकड्यावर काचेचा सज्जा बांधलेला होता. मोर्कविककडे काच नव्हती. मोर्कविककडे स्कूमफॉस नावाचा उंच धबधबा होता आणि एरलेंडचं वाइनघर होतं.

एरलेंड हा बाईंचा मुलगा. समुद्रातल्या तेलविहिरीवरची चांगली नोकरी सोडून तो वडलांच्या पश्चात सफरचंदाची बाग सांभाळायला आला होता. बरोबर बायको आणि सहा वर्षांची सिग्ने. सफरचंदाची वाइन, म्हणजे साइडर, तो उत्तम करायचा; पण त्या आडबाजूच्या गावात ती प्यायला येणार कोण? तेलकंपनीने त्याची जागा उन्हाळ्यापुरती राखून ठेवली होती. आज जहाज नापास करून गेलं, तर एरलेंड सामान बांधणार हे घरात कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सिग्ने ऑगस्टमध्ये शाळेत जायची होती. ती आपल्या शाळेत जाणार, की दूर शहरातल्या कुठल्या तरी शाळेत, एवढंच बाईंच्या मनात आठवडाभर फिरत होतं.

छोट्या होड्यांमधून प्रवासी उतरले. त्यांच्यासोबत सहलींच्या प्रमुख हेन्रिके लोमान उतरल्या. ताठ मान, कोरी करकरीत इस्त्री, आणि दर मिनिटाला मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. बाईंनी मनात त्यांना पहिल्या बाकावर बसवलं.

बस भरली. तेवढ्यात चालक आस्लाक खिडकीतून वाकला. तोही बाईंचाच विद्यार्थी. आता डोक्यावर एक केस नव्हता.

"बाई, एक विचारू?"

"शाळेत असताना कधी काही विचारलं नाहीस. आता विचार."

"यांना आपण नेणार कुठं?"

"कुठं म्हणजे? स्कूमफॉसला. पाटी लावलीस ना बसला?"

"पाटी लावली. पण बाई, आज मे महिना आहे."

"मग?" असं बाई म्हणणार होत्या. ते 'मग' त्यांच्या घशातच अडकलं.

स्कूमफॉसच्या वर धरण आहे. वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळतं ते सगळं पाणी धरणात साठवतात आणि बोगद्यातून वीजघराकडे नेतात. एक जूनला धरणाची झडप उघडते आणि उन्हाळाभर धबधबा वाहतो. मोर्कविकमध्ये 'धबधबा सुरू झाला' असं म्हणतात, दुसरीकडे 'शाळा सुरू झाली' म्हणतात तसं. जहाज मुळात जूनच्या मध्यावर येणार होतं. हिवाळ्यात कंपनीने तारीख अलीकडे आणली. गावच्या समितीने त्यावर चार बैठका घेतल्या. शौचालयं किती लागतील, झेंडे लावायचे की नाही, वॅफलवर जॅम द्यायचा की तपकिरी चीज, यावर तर एक पूर्ण संध्याकाळ गेली. धबधब्याचं मात्र कुणीच काढलं नाही. तो एक जूनला सुरू होतो हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि जे सगळ्यांना माहीत आहे ते भर बैठकीत बोलून दाखवायचं म्हणजे समोरच्याला अडाणी समजल्यासारखं. मोर्कविकमध्ये असं कुणी करत नाही.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही काही तरी केलं असेल. तुम्ही नेहमी करता."

"गाडी हळू चालव," बाई म्हणाल्या.

"किती हळू?"

"परीक्षेचा पेपर कोरा आहे आणि घंटा व्हायला वेळ आहे, इतकी हळू."

आस्लाकने बस बैलगाडीच्या चालीने काढली. दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडली होती, त्यामुळे प्रवाशांना त्या चालीचं कौतुकच वाटलं. बाईंनी पुढच्या आसनावर तोंड वळवून वीजघरात फोन लावला. तिथं तोर्गाइर होता. तोही बाईंच्याच हाताखालून गेलेला.

"तोर्गाइर, झडप उघडशील का रे? अर्धा तास. हवं तर पाव तास."

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"बाई, आज जून नाही."

"ते मला आस्लाकने सांगितलंय."

"नियम आहे बाई. वेळेआधी उघडायची नाही. रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

"मी इतरही पुष्कळ शिकवलं होतं. तेवढंच बरं लक्षात राहिलं!"

"तुम्ही मला त्यासाठी कोपऱ्यात उभं केलं होतं, म्हणून राहिलं." मग त्याचा आवाज जरा मऊ झाला. "साहेबांना विचारून बघतो. झडपेची वार्षिक चाचणी व्हायचीच आहे. पण भरवसा धरू नका."

बाईंनी भरवसा धरला नाही. बस शेवटच्या वळणावर आली तेव्हा त्या उठल्या आणि माईक हातात घेतला. मुलांशी खोटं बोलायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. मुलं साठीची झाली म्हणून ती काही सुटत नाही.

"मंडळी," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "एक चूक झाली आहे. तुम्हाला धबधबा दाखवायला आणलं, पण धबधब्यात पाणी नाही. ते धरणात आहे. तीन दिवसांनी सुटेल. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि आमच्यापैकी कुणी ते तुम्हाला सांगितलं नाही."

बसमध्ये माना एकमेकांकडे वळल्या. मग मागून एक जाडसर आवाज आला.

"मी धबधब्याचे पैसे भरलेत!" श्रीयुत ब्रोकमान. टोपीवर पिसं, हातात नक्षीची काठी.

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

आपलं बरोबर आहे असं कुणी इतक्या लवकर मान्य करेल याची ब्रोकमानना सवय नसावी. ते पुढचं वाक्य शोधत राहिले. हेन्रिके लोमान मात्र उठून बाईंजवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "बाईसाहेब, मला वर अहवाल द्यायचा आहे. मी त्यात काय लिहू?"

"आत्ताच लिहू नका," बाई म्हणाल्या. "आधी उतरा."

समोर काळा कडा उभा होता. ओलसर, चकचकीत, आभाळापर्यंत गेलेला. मधून पाण्याची एक करंगळीएवढी धार ओघळत होती, नळ नीट बंद न केल्यासारखी. खाली नदीचं रिकामं पात्र, त्यात घरांएवढे दगड. प्रवासी कठड्याशी उभे राहिले. दोघा-तिघांनी नाइलाजाने फोटो काढले. एका बाईंनी त्या करंगळीकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं, "हाच का?"

गुनवोरबाई त्या पात्राकडे बघत होत्या. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या सगळ्या शाळेला इथं आणायच्या. धबधबा सुरू व्हायच्या आधी त्याच्या पायथ्याशी उतरायचं, ही मोर्कविकच्या मुलांची वर्षातली सगळ्यात लाडकी सहल. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना ती जागा कधी दिसतच नाही. तिथं तेव्हा नुसता फेस आणि गर्जना असते. बाईंनी स्वतःशीच मान हलवली. पाणी नाही म्हणून रडत काय बसायचं?

मुलांना पात्रात उतरवण्याआधी एक गोष्ट कधी चुकायची नाही. वीजघराला फोन करायचा. मग तिथला माणूस झडपेच्या चाकावर लाल पाटी टांगायचा: 'पात्रात माणसं आहेत.' बाईंचा दुसरा फोन येईपर्यंत ती पाटी काढायची कुणाची छाती नव्हती. बाईंनी फोन केला. तोर्गाइर साहेबांकडे गेला होता. दुसऱ्याच कुणी पोराने फोन घेतला आणि पाटी टांगून आल्याचं कळवलं.

बाईंनी शिट्टी फुंकली. पंचेचाळीस जर्मन माणसं दचकून वळली आणि आपसूक रांगेत उभी राहिली.

"आता आपण धबधब्याच्या आत जाणार आहोत," बाई म्हणाल्या. "दोघा-दोघांच्या जोड्या करा. जोडीदाराचा हात सोडायचा नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी आस्लाकबरोबर वर थांबून कॉफी घ्या. लाज वाटून घेऊ नका."

ब्रोकमान वर थांबले. त्यांच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. ते निषेध म्हणून थांबले.

बाकीचे पायवाटेने खाली उतरले. आत गारवा होता, आणि मान वर केली की कडा अंगावर आल्यासारखा वाटायचा. ज्या जागी तीन दिवसांनी उभं राहणं कुणालाच जमणार नव्हतं, तिथं ही मंडळी टोप्या सावरत उभी होती. बाईंनी त्यांना एका गोल खड्ड्यापाशी नेलं. पुरुषभर खोल, भांड्यासारखा गुळगुळीत, जणू कुणी लेथवर धरून कोरलेला. तळाशी एक वाटोळा दगड.

"हा खड्डा कुणी केला?" बाईंनी विचारलं. "ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगू नका. ज्यांना माहीत नाही त्यांनी विचार करा."

"राक्षसांनी," कुणी तरी म्हणालं.

"आमच्याकडे पूर्वी असंच म्हणायचे. छान. आणखी कोण?"

एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी हात वर केला. ते आयुष्यभर पूल बांधत आले होते, हे नंतर कळलं. "पाण्याने."

"पाणी मऊ असतं. हात घालून बघा. मऊ पाणी दगड कसा कोरेल?"

गृहस्थ गप्प झाले. त्यांच्या बायकोला हसू आवरेना. "चाळीस वर्षांत याला गप्प बसवणारं कुणी भेटलं नव्हतं!"

"त्या तळच्या दगडाला विचारू या," बाई म्हणाल्या. "खाली उतरून त्याला हात कोण लावतं?"

आणि मग पुढे आल्या हेन्रिके लोमान. त्यांनी बूट काढले, मोजे काढून त्यांची नीट घडी केली, आणि खड्ड्याच्या पायऱ्यांसारख्या कडेवरून आत उतरल्या. दगड हातात घेतला. उलटा केला. त्यावरून तळवा फिरवला. मग खड्ड्याच्या भिंतीवरून फिरवला.

"हा फिरत होता," त्या आतून म्हणाल्या. आवाज विहिरीतून यावा तसा घुमला. "पाणी याला गोल फिरवतं. आणि हा भिंत घासतो."

"आणि भिंत?"

"भिंत याला घासते! म्हणून हा इतका गोल आहे." आणि त्या एकदम मोठ्याने हसल्या. वर उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पूल बांधणारे गृहस्थ म्हणाले, "हे मी सांगणारच होतो," आणि त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

मग काय, सगळे खड्डे शोधायला पांगले. कुणाला बादलीएवढा सापडला, कुणाला चहाच्या कपाएवढा. एक आजोबा आपल्याच बायकोला वर ओढून काढत होते आणि दोघंही हसून हसून बेजार झाले होते. बाई दगडावर बसून नुसत्या बघत राहिल्या. वर्ग रंगला की शिक्षकाने गप्प बसावं, हे त्यांना खूप उशिरा, पण पक्कं कळलं होतं.

त्याच वेळी फोन वाजला.

"बाई!" तोर्गाइरचा आवाज आनंदाने फुटत होता. "साहेब हो म्हणाले! चाचणी आजच करू म्हणाले. आत्ता उघडतो. तुमच्या पाहुण्यांना सांगा, डोळे भरून बघा म्हणावं!"

बाई ताडकन उठल्या. "तोर्गाइर, हात लावू नकोस! चाकावर काय टांगलंय बघ!"

थोडी खुडबुड. मग: "लाल पाटी? ही कुणी टांगली?"

"माझ्यासाठी टांगली आहे. आम्ही आत आहोत."

"आत? कुठं आत?" तोर्गाइर किंचाळला. मग त्याने खोल श्वास घेतल्याचा आवाज आला. "बाई, मी आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी साहेबांच्या पाया पडलो. आता तुम्ही सांगताय, नको?"

"मी अजून काहीच सांगितलेलं नाही. थांब जरा."

बाईंनी फोन छातीशी धरला. सगळ्यांना वर काढायचं, पाटी उतरवायला सांगायची, मग पाव तास पाणी कोसळेल. ब्रोकमान खूश. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं तसं अक्षरशः पार पडेल. पण आत्ता समोर जे चाललं होतं ते मोडेल. शहाणपण कशात होतं? सिग्नेचं दप्तर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना वाटलं, पाणीच सोडावं. पाणी बेभरवशाचं नसतं. लोकांचं हसू कुणी मोजायचं?

त्या खड्ड्याच्या काठाशी गेल्या. "हेन्रिकेबाई, पाणी मिळतंय. पाव तास. पण त्यासाठी सगळ्यांना लगेच बाहेर यावं लागेल. कार्यक्रम तुमचा आहे. तुम्ही सांगा."

हेन्रिके लोमान यांनी वर पाहिलं. केस विस्कटले होते, इस्त्री कधीच मोडली होती. सवयीने त्यांनी मनगट डोळ्यांसमोर आणलं. घड्याळ काढून बुटात ठेवलं होतं.

"आणि नाही आलो तर?"

"तर पाणी मिळणार नाही. आणि श्रीयुत ब्रोकमान तक्रार करतील."

"ते तशीही करतात. ब्रेमेन सोडल्यापासून ही सातवी असेल." त्या पुन्हा दगडाकडे वळल्या. "पाण्याला म्हणावं, थांब. मला इथं आणखी एक लहान दगड दिसतोय."

"तोर्गाइर," बाई फोनमध्ये म्हणाल्या, "पाटी राहू दे."

"बाई, साहेबांना मी आता काय सांगू?"

"सांग, नियम मोडला नाही. त्यांना बरं वाटेल."

दुपारी सगळी मंडळी एरलेंडच्या वाइनघरात आली. चिखलाने माखलेली, भुकेलेली आणि एकमेकांशी शाळा सुटल्यासारखी बोलणारी. एरलेंड पिंपांच्या मधोमध कपाळाला घाम आलेला असा उभा होता. तासभर त्याने पेले पुसून पुसून इतके लखलखीत केले होते की त्यात तोंड दिसावं. त्याने ओतलं. सोनेरी, फसफसणारं, थंड. लोकांनी घोट घेतला आणि खोलीत एक सुखाचा हुंकार उमटला.

"उत्तम झाली आहे, नाही का?" पूल बांधणाऱ्या गृहस्थांनी विचारलं.

एरलेंडने पेला उजेडात धरला, नीट निरखला, आणि म्हणाला, "वाईट नाही."

गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे यापेक्षा चांगली आहे तुमच्याकडे? मग तीच द्या की."

"नाही, हीच सगळ्यात चांगली."

"आणि ती नुसती 'वाईट नाही'?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मुलाला आपलं कौतुक आपल्या तोंडाने करता येत नव्हतं. ते मोर्कविकमध्ये कुणालाच येत नाही. पिंपावर पाय हलवत बसलेल्या सिग्नेला मात्र त्या गृहस्थांचं दुःख बघवेना. आजीच्या शिकवणीने तिला जर्मन थोडं थोडं येत होतं.

"मी झाले ना," ती म्हणाली, "तेव्हा बाबाने मला हातात घेतलं आणि म्हणाला, वाईट नाही."

असा हशा पिकला की पिंपं हलली. एरलेंड कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. गृहस्थांनी एक आख्खी पेटी उचलली, त्यांच्या बायकोने दुसरी. ब्रोकमाननी तीन पेले रिचवले, एकही बाटली घेतली नाही, आणि धबधब्याचं काय झालं असं पुन्हा विचारलं.

होड्या सुटायची वेळ झाली. हेन्रिके लोमान शेवटी राहिल्या. बूट हातातच होते. धक्क्यावर बाई आणि एरलेंड शेजारी शेजारी उभे होते, दोघंही दुसरीकडेच कुठं तरी बघत.

"तक्रार जाईल," हेन्रिके म्हणाल्या. "ती मला लपवता येणार नाही. पत्रिकेत धबधबा छापला होता आणि धबधबा नव्हता."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

"पण मी अठरा वर्षं लोकांना धबधबे दाखवते आहे. ते फोटो काढतात आणि बसमध्ये जाऊन झोपतात. आज परतताना एकही झोपला नाही." त्यांनी बूट दुसऱ्या हातात घेतले. "आम्ही दरवर्षी येऊ. पण मला लेखी हमी हवी, की आम्ही येऊ तेव्हा पाणी नसेल."

"ती हमी तोर्गाइर आनंदाने देईल," बाई म्हणाल्या. "त्याला 'नाही' लिहायला फार आवडतं."

होडी निघाली. बायका वॅफलची टेबलं आवरू लागल्या. एरलेंड बराच वेळ जहाजाकडे बघत उभा राहिला. बाईंनी काही विचारलं नाही. उत्तर यायला वेळ लागतोय म्हणून प्रश्न पुन्हा विचारू नये, हे त्यांनी शेकडो मुलांबरोबर सांभाळलं होतं; आज आपल्या मुलाबरोबर ते सांभाळणं सगळ्यात अवघड गेलं.

"आई," शेवटी तो म्हणाला, "वरच्या उतारावर दगड फार आहेत का गं?"

"आहेत थोडे. का?"

"काढले तर तिथं दोन-तीनशे झाडं बसतील. फळ धरायला चार-पाच वर्षं जातील म्हणा."

"जातीलच तेवढी," बाई म्हणाल्या, आणि डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून टेबलाचे पाय दुमडायला खाली वाकल्या. "शनिवारी सुरुवात कर. मी पहार घेऊन येते."